भुयार कोणासाठी?

संकट कोसळल्यावर जो धावून जातो, त्याचे गुणगान सर्व भाषांतील वाङ्मयाने केले आहे. बुडत्याच्या मागे उडी घेणारा, जळत्या घरात शिरून पाळण्यातले मूल बाहेर आणणारा, यांच्याविषयी कोणास आदर वाटत नाही? परंतु संकट येण्यापूर्वी, सगळे काही सुरळीत चालू असताना, कचेरीतल्या टेबलापाशी बसून 'आग लागली तर कोणी काय करावे' याचे टिपण तयार करणाऱ्या मनुष्याचे कौतुक कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. पहिल्याच्या कृत्यात नीतीचा प्रश्न आहे हे सर्वांस मान्य आहे. दुसऱ्याच्या कामाकडे मात्र आपण कारकुनी म्हणून पाहतो. ही दृष्टी बरोबर नाही असे मला वाटते, आणि तसे का वाटते हे सांगण्याकरिता मी जे उदाहरण घेणार आहे, ते या मासिकाच्या वाचकांस प्रथमदर्शनी रुक्षच वाटेल. ते उदाहरण पवनचक्क्यांचे.

साताऱ्याहून ठोसेघरच्या बाजूस चाळकेवाडीच्या पठारावर ज्यांनी कधी गाडी नेली असेल, त्यांना तेथील देखावा ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून तेथे आणि पलीकडे पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर हे पांढरे मनोरे उभे राहू लागले. सहलीला गेलेला मनुष्य त्यांच्याकडे पाहून 'किती शांत यंत्र!' असे म्हणतो, छायाचित्र काढतो आणि निघून जातो. त्या मनोऱ्याच्या पोटात एक शिडी आहे, आणि शिडीच्या टोकाला, पात्यांच्या पाठीमागे, एखाद्या लहानशा बसएवढी यंत्राची खोली आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. त्या खोलीत दंतचक्रांची पेटी, जनित्र, ब्रेक, तेलाच्या नळ्या आणि विजेच्या तारा यांची अशी दाटी असते की, दोन माणसे तेथे काम करू लागली म्हणजे तिसऱ्यास अंग चोरून उभे राहावे लागते. वंगणाचे तेल, वीज आणि वारा ही तिन्ही ज्या जागी कायमची एकत्र आहेत, तेथे आग लागणे ही काही अतर्क्य घटना नव्हे. वीज कोसळून ती लागते, तारांतील दोषाने लागते, ब्रेक अतिशय तापल्यानेही लागते. अशा आगी क्वचितच लागतात हे खरे. पण लागल्या म्हणजे खालच्या माणसांच्या हाती फारसे काही उरत नाही. अग्निशामक दलाची नेहमीची शिडी तीस मीटरच्या आसपास पोहोचते आणि यंत्राची खोली साठ, ऐंशी, अलीकडच्या मनोऱ्यांत तर शंभर मीटरांहूनही उंच असते. मुंबईसारख्या शहराच्या दलाकडे याहून उंच शिड्या आहेत, परंतु त्या घाट चढून पठारावर वेळेवर पोहोचतील असे कोणी म्हणणार नाही. म्हणून जगभर या बाबतीत एकच रीत रूढ झाली आहे. वर कोणी नसेल तर मनोरा जळू द्यावा. जळती पाती तुटून दूरवर पडतात, तेव्हा भोवतालचा प्रदेश मोकळा करून माणसे लांब ठेवावी. आणि आग आपोआप विझेपर्यंत वाट पाहावी.

वर कोणी असेल तर?

हा प्रश्न हॉलंडमध्ये 2013 साली 29 ऑक्टोबर रोजी उभा राहिला. दक्षिण हॉलंडमधील खुरे-ओव्हरफ्लाके या बेटावर ओल्टखेन्सप्लाट गावाजवळच्या एका पवनचक्कीत चार मेकॅनिक नित्याच्या देखभालीसाठी गेले होते. आग लागली. दोघे खाली सुटले. दोघांची वाट धुराने व ज्वाळांनी अडविली आणि ते यंत्रघराच्या छपरावर अडकले. एकाचे वय 19, दुसऱ्याचे 21. एक जण नंतर मनोऱ्याच्या पायथ्याशी सापडला, दुसरा वरच. उंचीवर काम करण्यास शिकविलेली विशेष तुकडी मोठ्या क्रेनच्या साहाय्याने वर जाईतो दिवस मावळला होता. त्या दोघांनी छपरावर एकमेकांस मिठी मारल्याचे म्हणून एक छायाचित्र पुढे जगभर फिरले. ते मीही पाहिले आहे. येथे मी त्याचे वर्णन करणार नाही. त्या चित्राने आपल्या डोळ्यांत जे पाणी येते, त्याविषयी मला थोडा संशय आहे. ते पाणी खोटे असते असे नव्हे. पण ते आले म्हणजे आपण आपले कर्तव्य केले असे आपल्याला वाटू लागते, आणि विचार करण्याचे काम तेथेच थांबते.

अमेरिकेतील नीतिशास्त्रज्ञ आल्बर्ट जॉन्सन याने 1986 साली मनुष्यस्वभावाच्या या प्रवृत्तीस 'सुटकेचा नियम' असे नाव दिले. डोळ्यांसमोर एक ओळखीचा जीव संकटात असला, म्हणजे त्याला वाचविण्यासाठी आपण कितीही खर्च करण्यास सिद्ध होतो. परंतु तोच खर्च आधी केला असता तर जे अनेक अनोळखी जीव वाचले असते, त्यांच्यासाठी आपला हात खिशाकडे जात नाही. विहिरीत पडलेल्या मुलासाठी गाव लोटते. त्या विहिरीला कठडा बांधावा म्हणून वर्गणी मागणाऱ्यास त्याच गावातून रिकाम्या हाताने परतावे लागते. यास कोणी निव्वळ ढोंग म्हणेल. माझे मत तसे नाही. चेहरा दिसल्याशिवाय करुणा जागी होत नाही, ही मनुष्याच्या मनाची घडणच आहे. मात्र एवढ्याने करुणा ही पुरेशी नीती आहे असे ठरत नाही. ज्याचा चेहरा अद्याप दिसलेला नाही, त्याच्याविषयी आपले काही ऋण आहे की नाही? असेल तर ते फेडावयाचे कसे?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा मागोवा घेऊ लागलो म्हणजे एक गमतीची गोष्ट दिसते. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्म म्हणून एक स्वतंत्र प्रकरणच आहे. दुष्काळात विश्वामित्र चांडाळाच्या घरी कुत्र्याचे मांस घेण्यास जातो, ती प्रसिद्ध कथा तेथलीच. परंतु हा आपद्धर्म मुख्यतः संकटात सापडलेल्या मनुष्याला दिलेली मोकळीक आहे. एरवी जे करू नये ते अशा वेळी केले तरी चालेल, असा त्याचा रोख. संकट येण्यापूर्वी, पोट भरलेले असताना आणि छप्पर शाबूत असताना, कोणी कोणासाठी काय करून ठेवणे बंधनकारक आहे, याचा विचार त्यामानाने थोडा. नाही म्हणावयास त्याच प्रकरणात तीन माशांची गोष्ट आहे. पंचतंत्रामुळे ती आपल्याला लहानपणापासून पाठ असते. तळ्याचे पाणी काढून टाकण्यात येणार आहे हे ओळखून पहिला मासा, अनागतविधाता, आधीच दुसऱ्या तळ्यात निघून जातो, दुसरा ऐन वेळी युक्तीने सुटतो, तिसरा मरतो. ही गोष्ट दूरदृष्टीची थोरवी गाते खरी, पण तो दूरदर्शी मासा करतो काय? सोबत्यांस एकवार सांगतो, आणि आपण निघून जातो. त्याची दूरदृष्टी हा त्याचा खासगी सद्गुण आहे. तिसऱ्या माशाचे मरण हे त्या तिसऱ्या माशाच्याच आळसाचे फळ, असा गोष्टीचा निवाडा.

पवनचक्कीच्या मालकास हा निवाडा लागू पडत नाही, कारण तेथे माशांना तळ्यात सोडणारा तो स्वतःच असतो. आपण ज्या खोलीत कधी पाऊल टाकणार नाही, अशा खोलीत दुसऱ्यास रोजगारासाठी चढविणे, यातूनच एक निराळे कर्तव्य जन्मास येते. 'वर जाणे तू आपखुशीने स्वीकारलेस' एवढे म्हणून ते फिटत नाही. वर जाण्याची खुशी त्याची असेल. खाली येण्याच्या वाटा किती असाव्यात, हे त्याला कोणी विचारलेले नसते.

आता या कर्तव्याचे स्वरूप पाहू. आणीबाणीची योजना म्हणजे नुसता कागद, असे आपण सहज म्हणतो. माझ्या मते ती एक प्रकारचे वचन आहे. 'तू वर अडकलास तर अमुक इतक्या वेळात, अमुक मनुष्य, अमुक साधनाने तुझ्यापर्यंत येईल' असे ते वचन. आणि वचनाला लागू पडणारे सर्व नैतिक नियम या कागदाला लागू पडतात. जे आपल्याच्याने होणार नाही ते करण्याचे बंधन कोणावर नसते, हे कांटचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. जे आपल्याच्याने होणार नाही, त्याचे वचन देणे हा अपराध आहे. ज्या योजनेत 'आग लागल्यास अग्निशामक दलास बोलवावे' एवढेच लिहिले आहे, आणि ज्या दलाची शिडी मनोऱ्याच्या निम्म्यापर्यंतही जात नाही, ती योजना अपुरी आहे असे म्हणणे हा तिचा बहुमान होईल. ती खोटी आहे. तिच्यावर विसंबून वर चढणाऱ्या पोराला फसविण्यात आले आहे, आणि फसविणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात फसविण्याचा हेतू नव्हता, एवढ्याने त्याची फसवणूक कमी होत नाही.

खरे बोलावयाचे तर योजनेला असे सांगावे लागते की, 'बाहेरून तुझ्यापर्यंत वेळेत कोणी येणार नाही. जे काही वाचविणारे आहे ते तुझ्याबरोबरच वर गेले पाहिजे.' हे वाक्य कठोर आहे, पण या धंद्यात गेल्या काही वर्षांत ज्या चांगल्या रीती पडल्या, त्या या वाक्यातूनच निघाल्या आहेत. एकट्याने वर चढावयाचे नाही. वरच्या खोलीत दोराची पिशवी ठेवावयाची. तिच्यातील यंत्र आपोआप वेग आवरते, आणि मनुष्य मनोऱ्याबाहेरून सावकाश जमिनीवर उतरतो. ती पिशवीदेखील कोठे ठेवावयाची हा विचारच आहे. शिडीच्या तोंडाशी ठेवली आणि आग तेथेच लागली, तर शिडी आणि पिशवी दोन्ही एकदमच गेली. 2012 साली या धंद्यातील कंपन्यांनी मिळून स्थापन केलेल्या ग्लोबल विंड ऑर्गनायझेशन या संस्थेने प्रथमोपचार, ओझे उचलणे, आगीची ओळख, उंचीवरचे काम आणि समुद्रात जाणाऱ्यांसाठी समुद्रातील बचाव, अशा पाच विषयांचे मूळ शिक्षण ठरवून दिले. ते दर दोन वर्षांनी उजळावे लागते. पदवी एकदा मिळाली की जन्मभर पुरते असे मानणाऱ्या आमच्या धंद्यातील लोकांनी या दोन वर्षांच्या मुदतीचा थोडा विचार करण्यासारखा आहे.

सोबत्यानेच सोबत्याला वाचवावयाचे, यामागे वैद्यकाचेही एक कारण आहे. पट्ट्याला बांधलेला मनुष्य घसरून दोराला लटकला, म्हणजे तो पडण्यापासून वाचला असे पाहणाऱ्यास वाटते. पण तो निश्चल लटकत राहिला, तर पायांत रक्त साठू लागते, शुद्ध हरपते, आणि त्याच्या जिवावर बेतू शकते. यास तास लागत नाहीत. पठाराच्या पायथ्याशी असलेल्या रुग्णवाहिकेला त्या अवधीत मनोऱ्याचे दारही दिसणार नाही. तेव्हा शेजारी जो उभा आहे त्याच्याच हातांना ते काम आले पाहिजे, आणि विचार न करता आले पाहिजे. सद्गुण हा उपदेशाने येत नाही, तो करून करून अंगी मुरतो, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. बचावाचा सराव पाहिला म्हणजे या वचनाचा अर्थ जितका स्पष्ट कळतो, तितका तो मला वर्गात तीस वर्षे शिकवून कळला नव्हता. माणसाएवढ्या वजनाचा बाहुला दोराला टांगतात, आणि थकलेल्या, घामाघूम झालेल्या पोरांना तो पुनःपुन्हा उतरवावयास लावतात. त्यात शौर्याचा अभिनिवेश मुळीच नसतो. असतो तो कंटाळा. (ज्या एका महाविद्यालयात मी पूर्वी होतो, तेथे जिन्यापाशी वाळूच्या तांबड्या बादल्या टांगलेल्या असत. त्यांच्यावर 'आग' असे लिहिले होते, आणि आत पानाच्या पिचकाऱ्या होत्या. त्या बादल्यांना हात लावण्याची पाळी आमच्यावर कधी आली नाही, हे आमचे नशीब. तो आमचा गुण नव्हे.)

परंतु येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो, तो टाळून चालणार नाही. सोबत्याला वाचविण्याचा भार सोबत्यावर टाकणे न्याय्य आहे काय? डोंगरात एकाच दोराला बांधून घेणारे गिर्यारोहक तो भार आपखुशीने घेतात; खलाशांत तर तो फार जुना धर्म आहे. पण महिन्याच्या पगारासाठी चढणारा मेकॅनिक हा काही साहसासाठी घराबाहेर पडलेला नसतो. म्हणून योजनेने त्याच्याकडून काय मागावे याला मर्यादा हवी, आणि ती मर्यादा स्पष्ट शब्दांत लिहिलेली हवी. प्रथम स्वतः सुरक्षित व्हावे, नंतर दुसऱ्यास साहाय्य करावे, हा क्रम सर्व बचावकार्यात शिकवितात. कित्येकांना तो स्वार्थी वाटतो. मला तो अत्यंत दयाळू वाटतो, कारण तो केवळ वर अडकलेल्याचा विचार करीत नाही, खाली सुटून आलेल्याचाही करतो. हॉलंडमधील त्या दिवशी जे दोघे खाली आले, त्यांना 'तुम्ही परत का गेला नाहीत' असे विचारण्याचा अधिकार जगात कोणालाही नाही. मात्र तो प्रश्न ते स्वतःला विचारणार नाहीत, असे कोण सांगेल? चांगली योजना अशा मनुष्याच्या हाती एक उत्तर आधीच देऊन ठेवते. 'तुझे काम तेथवरच होते' असे त्याला एखाद्या दयाळू शेजाऱ्याने मागाहून सांगणे वेगळे, आणि आग लागण्यापूर्वी सर्वांच्या सहीनिशी ठरविलेले असणे वेगळे.

मग योजना पाळली म्हणजे झाले काय? तसेही नाही. उत्तर समुद्रातील पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर 1988 साली 6 जुलैच्या रात्री जे घडले, ते या बाबतीत कोणीही विसरू नये. त्या फलाटावर योजना होती. संकटसमयी सर्वांनी राहण्याच्या इमारतीत जमावे, तेथून हेलिकॉप्टरने त्यांना नेण्यात येईल, असे ठरलेले होते. स्फोट झाले, धुराने हेलिकॉप्टरला उतरणे अशक्य झाले, बचावनौकांपर्यंत जाता येईना. आणि जे आज्ञाधारकपणे जमले होते, ते पुढच्या हुकुमाची वाट पाहत राहिले. हुकूम आला नाही. एकंदर 167 माणसे गेली. त्यांत दोघे दुसऱ्यांस वाचविण्यास आलेल्या नौकेवरचे होते. 61 जण वाचले, ते बहुतेक अशांपैकी की, ज्यांनी ती जागा सोडून कसेही करून समुद्र गाठला. लॉर्ड कलन यांच्या चौकशीचा अहवाल 1990 साली आला. त्यात 106 शिफारशी होत्या, आणि समुद्रावरील उद्योगांच्या सुरक्षिततेची सारी विचारसरणीच त्यामुळे बदलली.

यावरून 'योजना कशाला, ज्याने त्याने आपली बुद्धी वापरावी' असा निष्कर्ष काढणारे लोक मला भेटले आहेत. तो निष्कर्ष आळशी आहे. बुद्धीचा उपयोग ज्यांनी केला त्यांपैकीही किती जण उडी घेतल्यावर गेले असतील, हे आपण मोजीत नाही. माझ्या मते त्या रात्रीचा दोष योजना असण्यात नव्हता; योजनेने आपला शेवट सांगितलेला नव्हता, हा दोष होता. मी कोणत्या गोष्टी गृहीत धरल्या आहेत, आणि त्या खोट्या ठरल्या की माझी आज्ञा संपली, असे प्रत्येक आज्ञेने स्वतःच्या पोटात लिहून ठेवले पाहिजे. आज्ञा मोडण्याची परवानगी आज्ञेतच असणे हे तर्कदृष्ट्या विचित्र दिसते. पण जी आज्ञा माणसांना वाचविण्यासाठी दिली, तिला वाचविण्यासाठी माणसांनी मरावे, हे त्याहून विचित्र होय.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, तिच्याकडे वळतो. आमच्या वाङ्मयात आणीबाणीच्या योजनेचे सर्वांत जुने आणि सर्वांत उत्तम उदाहरण कोणते, असे मला विचारले तर मी आदिपर्वातील लाक्षागृहाचे नाव घेईन. विदुराची दूरदृष्टी त्या माशासारखी खासगी नाही. ती दुसऱ्यांसाठी आहे. तो धोका ओळखतो, ज्यांना धोका आहे त्यांना गूढ शब्दांत कळवितो, आणि तेवढ्यावर न थांबता एक कसबी खणणारा माणूस पाठवितो. पांडव त्या घरात निजत असताना भुयार तयार होते. वाट, साधन, माणूस आणि वेळ, या चारही गोष्टींचा विचार तेथे आहे. आजच्या कोणत्याही सुरक्षा अधिकाऱ्याने त्या योजनेपुढे मान लववावी.

आणि तरीही त्या रात्री सहा माणसे जळून मेली. कुंतीने ब्राह्मणांस भोजन घातले, त्या दिवशी एक निषादी आपल्या पाच मुलांसह अन्नाच्या आशेने आली. मद्य पिऊन ती सर्व तेथेच झोपली. भीमाने घर पेटविले, पांडव भुयाराने निसटले, आणि सकाळी लोकांना सहा प्रेते दिसली. ती कुंतीची व तिच्या पाच पुत्रांची असावीत, असा सर्वांचा समज झाला. दुर्योधनही फसला. म्हणजे त्यांचे मरण वाचणाऱ्यांच्या उपयोगी पडले. व्यासांनी ही गोष्ट लपविलेली नाही. पण तिच्यावर ते फार वेळ रेंगाळतही नाहीत. योजनेत त्या सहा जणांविषयी काही दुष्टपणा नव्हता. योजनेत ती सहा माणसे मुळी नव्हतीच.

कोणतीही आणीबाणीची योजना वाचताना मी आता प्रथम या निषादीला शोधतो. 1984 साली भोपाळला जी माणसे गेली, त्यांत कारखान्याच्या भिंतीपलीकडे झोपलेली किती होती, हे आपण जाणतो. आपल्या शेजारी काय साठविले आहे आणि ते हवेत मिसळले तर कोणीकडे पळावयाचे, हे त्यांना कोणीही सांगितलेले नव्हते. त्यानंतर 1987 साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, धोक्याच्या उद्योगाच्या मालकाने आणीबाणीची योजना आखावी, आणि ती कामगारांस व आसपास राहणाऱ्या लोकांस कळवावी, असे बंधन घालण्यात आले. या दुरुस्तीतला 'कळवावी' हा शब्द मला सर्वांत मोलाचा वाटतो. कपाटात ठेवलेली योजना ही विदुराच्या गूढ भाषेसारखी असते. ज्याला कळावयाची त्यालाच कळते.

पवनचक्की म्हणजे भोपाळ नव्हे, हे मी जाणतो, आणि तुलनेचा अतिरेक करू इच्छीत नाही. तिच्यापासून शेजाऱ्यास असलेला धोका फारच अल्प आहे. पण पठारावर उन्हाळ्यात गवत वाळून कडकडीत झालेले असते, वारा तर तेथे असतोच (त्यासाठीच यंत्रे तेथे आणली), आणि जळते पाते खाली पडले तर ते कोणाच्या गुरांजवळ पडेल याचा नेम नाही. इंग्लंडच्या समुद्रातील पवनचक्क्यांविषयी तेथील किनारा-रक्षक खात्याचे जे नियम आहेत, त्यांत मला एक गोष्ट मोठी उदार वाटली. प्रत्येक मनोऱ्यावर हेलिकॉप्टरमधून वाचता येईल असा क्रमांक लिहावा लागतो, आणि बचाव चालू असताना नियंत्रणकक्षातून यंत्रे थांबवून पाती स्थिर धरण्याची सोय चोवीस तास असावी लागते. ही सोय केवळ कंपनीच्या माणसांसाठी नाही. त्या मनोऱ्यांच्या रानात एखाद्या कोळ्याची होडी उलटली किंवा हौसेने शिडाच्या नावेतून निघालेला कोणी पाण्यात पडला, तरी त्याच्यासाठी ही अजस्र चाके थांबतात. ज्याने त्या विजेचा एक दिवाही लावला नसेल अशा परक्यालाही त्या योजनेत जागा आहे.

मागे एकदा आम्ही काही मंडळी साताऱ्याच्या पठारावर गेलो असताना, एका मनोऱ्यापाशी फाटकावर बसलेल्या पहारेकऱ्याशी मी बोलत उभा राहिलो. मनुष्य पन्नाशीचा, शेजारच्याच वाडीचा. यांपैकी काही मनोरे ज्या जमिनीवर उभे होते, ती पूर्वी त्याच्या भावकीची होती असे तो म्हणाला. वर काही झाले तर काय करावयाचे, हे तुम्हांला शिकविले आहे काय, असे मी विचारले.

"व्हय सर, सराव असतोय वर्षातनं एकदा. भोंगा वाजला की समदी फाटकापाशी येत्यात. मी मोजतो. यादी असती माझ्यापाशी."

"यादीत किती नावं असतात?"

"ज्या दिवशी जेवढी आत गेली तेवढी. आत जाताना लिवून घेतो की मी."

"आणि गुरं घेऊन इकडे येतात ती पोरं?"

"ती फाटकातनं येत न्हाईत, सर. ती वरल्या अंगानं येत्यात."

मी थोडा वेळ थांबून विचारले, "तुमचं नाव कोण लिहितं?"

त्याने वहीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "माझं कशाला? मी हितंच असतो न्हवं," असे म्हणून तो हसला, आणि आमची गाडी जाऊ देण्याकरिता फाटक उघडावयास उठला.